जीलिबसी बदलताना संगणक मुका का होतो?

वर्धा-यवतमाळकडच्या गावांत शाळेतला किंवा सेवा केंद्रातला संगणक आठ-दहा वर्षांचा असला तर नवल नाही. त्यावर जुनी लिनक्स मजेत चालते. मग कोणी पेनड्राइव्हवर नवा प्रोग्रॅम आणतो आणि पडद्यावर उमटते, 'जीलिबसी २.३४ सापडली नाही'. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती मूळ सी लायब्ररी. २.३४ हाच आकडा वारंवार दिसतो, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्ती-शिक्का मिळाला. त्यामुळे नव्या मशीनवर कंपाइल केलेला दहा ओळींचा प्रोग्रॅमही २.३४ मागतो.

नवी जीलिबसी स्वतः कंपाइल करणे तसे कठीण नाही. घात होतो तो ती जुनीच्या जागी बसवताना. फाइल उघडणे, मेमरी मागणे, वेळ विचारणे अशी कामे बहुतेक प्रोग्रॅम 'लिबसी.एसओ.६' या एका फाइलमार्फत करून घेतात. फाइलींची यादी देणारी एलएस, कॉपी करणारी सीपी, नाव किंवा जागा बदलणारी एमव्ही, रूटचा म्हणजे प्रशासकाचा अधिकार देणारी सुडो, खुद्द आज्ञा वाचणारा बॅशसुद्धा. विहिरीत उतरलेल्याने ज्या दोराला लोंबकळतो तोच दोर बदलावा, असा हा प्रकार. खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी जुनी लिंक पुसली की नवी बनवणारी एलएन ही आज्ञाच चालत नाही.

या फाइलचा एक जोडीदार आहे, लोडर. प्रोग्रॅम सुरू होताना तो आधी जागा होतो आणि लायब्ररी मेमरीत आणतो. दोघांची आतली बोलणी खासगी असतात आणि आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून एकाच आवृत्तीची जोडी लागते. इथेच सर्वाधिक लोक फसतात. लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणाऱ्या 'एलडी लायब्ररी पाथ' या व्हेरिएबलमध्ये नव्या लायब्ररीचा फोल्डर टाकतात. पण लोडरचा पत्ता प्रत्येक प्रोग्रॅमच्या आतच लिहिलेला असतो, म्हणून लोडर जुनाच येतो, लायब्ररी नवी येते आणि त्या टर्मिनलमधली प्रत्येक आज्ञा 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन पडते. घाबरू नका. अनसेट ही आज्ञा बॅशच्या पोटातली आहे, तिला कुठली नवी फाइल चालवावी लागत नाही. तेवढा व्हेरिएबल काढला की सगळे पूर्ववत.

म्हणून नवी जीलिबसी जुनीच्या शेजारी ठेवावी, जागी नव्हे. सोर्सची म्हणजे मूळ कोडची फाइल साधारण १८ एमबीची, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरते. डिस्कवर मात्र ३ जीबी तरी मोकळी हवी. बिल्डसाठी वेगळा रिकामा फोल्डर करा. सोर्सच्या फोल्डरात कॉन्फिगर (तयारीची स्क्रिप्ट) चालवले तर ते सरळ नकार देते. प्रीफिक्स, म्हणजे बसवायची जागा, म्हणून 'ऑप्ट'मधला स्वतंत्र फोल्डर द्या. मग मेक (कंपाइल), मेक चेक (चाचणी) आणि शेवटी मेक इन्स्टॉल (बसवणे). इन्स्टॉलच्या शेवटी 'एलडी.एसओ.कॉन्फ' फाइल उघडत नसल्याची सूचना दिसली तर ती निरुपद्रवी आहे.

मेक चालू असताना लाइन गेली तर फार बिघडत नाही, पुन्हा मेक दिले की राहिले तिथून पुढे चालते. फक्त आधी शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइलचे तयार तुकडे) शोधून पुसा. अचानक वीज गेल्यावर अशा रिकाम्या फाइली मागे राहतात आणि मेक त्यांना 'झालेले काम' समजते. मे महिन्यात पारा ४५ वर असताना एकाच वेळी सगळे कोर जुंपू नयेत. तापलेला प्रोसेसर मंदावतो, जुन्या मशीन बंदही पडतात.

बसवल्यावर हवा तो प्रोग्रॅम नव्या लोडरच्या हाताने चालवा. लोडरचा पूर्ण पत्ता, मग 'लायब्ररी पाथ' हा पर्याय, मग प्रोग्रॅम. पाथमध्ये आधी नवा फोल्डर, त्यानंतर सिस्टिमचे नेहमीचे फोल्डर लिहावे लागतात, कारण हा लोडर सिस्टिमची नेहमीची यादी वाचत नाही आणि बाकीच्या लायब्ररी त्याला सापडत नाहीत. रोज वापरायचा प्रोग्रॅम असेल तर पॅचएल्फ या साधनाने त्याच्यातला लोडरचा पत्ताच बदलून टाका आणि लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची हीच यादीही त्यात लिहा. बहुतेकांचे काम इथेच संपते, आणि संपावे.

तरीही मूळ जागीच बदल हवा असेल तर नुसते मेक इन्स्टॉल नको. तुमच्या लिनक्स वितरणाचे (डिस्ट्रो) सोर्स पॅकेज घेऊन त्याचेच पॅकेज बांधा. नाहीतर पॅकेज मॅनेजरला बदलाचा पत्ताच नसतो आणि पुढच्या अपडेटला तो आपली फाइल तुमच्या फाइलवर बसवतो. आवृत्ती कधीही खाली उतरवू नका : जुने प्रोग्रॅम नव्या जीलिबसीवर चालतात, उलटे चालत नाही. आधी क्रूटमध्ये, म्हणजे मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या फोल्डरातल्या सिस्टिममध्ये, चाचणी घ्या. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन खरोखर सुरू होते का ते पाहून ठेवा. यूपीएस लावा, कारण या टप्प्यावर वीज गेली तर मेकसारखी माफी नाही. रूटचे एक टर्मिनल उघडे राहू द्या. बिघाड झाल्यावर सुडो किंवा नवे लॉगिन मिळेलच असे नाही. शेजारी स्टॅटिक बिझीबॉक्स ठेवा. नेहमीच्या आज्ञा एकाच फाइलीत देणारा हा प्रोग्रॅम स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी पोटातच घेतलेला असतो, त्याला बाहेरची लिबसी लागत नाही.

चालू लायब्ररीवर सीपी तर नकोच. ती त्याच फाइलचा मजकूर रिकामा करून वर लिहिते, आणि ती फाइल मेमरीत धरून बसलेले सगळे प्रोग्रॅम कोसळतात. एमव्ही त्याच डिस्क-विभागात नाव एका झटक्यात बदलते; चालू प्रोग्रॅमकडे जुनी फाइल तशीच राहते.

बिघडलेच, तर उघड्या टर्मिनलात एलएसऐवजी 'एको *' चालते. एखाद्या आज्ञेआधी बॅशची एक्झेक लावू नका; ती बॅशच्या जागीच ती आज्ञा चालवते आणि टर्मिनल हातचे जाते. जुनी जोडी कुठेतरी जपून ठेवली असेल तर जुन्या लोडरचा पूर्ण पत्ता आणि 'लायब्ररी पाथ'मध्ये जुन्या लायब्ररीचा फोल्डर देऊन त्याच्याकरवी एमव्ही चालवा. लिंक जोडायला जीलिबसीसोबत येणारी स्टॅटिक एसएलएन आहे.

सगळे सुरळीत झाले तरी एसएसएच (दुरून लॉगिन), क्रॉन (ठरल्या वेळी कामे) अशा सेवा रीस्टार्ट करा. वापरकर्त्यांची नावे शोधणारे एनएसएस मॉड्यूल (जीलिबसीचे जोडतुकडे) या सेवा गरजेपुरते मागाहून उघडतात. जुनी लिबसी धरून बसलेल्या सेवेने नवे मॉड्यूल उघडले की जोडी जुळत नाही, आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते.