घरात अडकलेला विश्वासी आणि त्याच्या दाराशी जाणारी मंडळी

इंदूरच्या रामबागेत, सुदामानगरात, छावणीत राहणाऱ्या कितीतरी ख्रिस्ती ज्येष्ठांना रविवारी चर्चला जाणे जमत नाही. कुणाचे खुब्याचे हाड मोडलेले असते, कुणाचे डायलिसिस चालू असते, कुणी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला सोडून तासभरही बाहेर पडू शकत नाही. मराठी घरांत आणखी एक अडचण असते. शहरातली उपासना बहुतेक हिंदीत आणि आजीची प्रार्थना मराठीत. चर्चला जाणे होत होते तोवर ते खपून गेले, कारण बाकावर शेजारी बसणारी माणसे ओळखीची होती. मोबाइलवरच्या हिंदी उपासनेत मात्र आजी रमत नाही आणि घरच्यांना वाटते, आता हिचे कशात लक्षच लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीनंतर अशा लोकांसाठी काय करता येईल हे विचारले जाऊ लागले आणि बहुतेक ठिकाणी ‘ऑनलाइन’ हे एकच उत्तर आले. प्रश्न मात्र मंडळीइतकाच, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समूहाइतकाच, जुना आहे. जुनी उत्तरे तपासली तर एक गोष्ट वारंवार दिसते: घरात अडकलेल्या माणसाकडे कुणीतरी काहीतरी घेऊन गेले आणि त्याच्याकडूनही काहीतरी घेऊन परतले. ही ये-जा जिथे थांबली, तिथे तो माणूस हळूहळू मंडळीतून गळाला.

बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक संपते तेच एका भाड्याच्या घरात. प्रेषित पौल रोममध्ये पहाऱ्याखाली होता, शिपाई सतत सोबत, तरी दोन वर्षे तो येईल त्याचे स्वागत करत होता (२८:३०). फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी देणगी पाठवली. एपफ्रदीत तिथेच आजारी पडला, बरा झाला आणि पौलाचे पत्र घेऊन गावी परतला. परंपरा ते पत्र याच कैदेतले मानते. कोंडलेला माणूस इथे मदत घेतो आणि त्याच वेळी मंडळीला शिकवतोही.

त्या काळी चर्चची वेगळी इमारत नव्हतीच. प्रिस्का-अक्विल्ला, नुंफा, फिलेमोन यांच्या घरी मंडळी जमत असे. सिरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस येथे १९३० च्या दशकात तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात सापडले. दोन खोल्यांमधली भिंत काढून सभेसाठी मोठी खोली केलेली, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड.

या विषयातला सर्वात मोलाचा जुना पुरावा जस्टिन या रोममधल्या शिक्षकाचा आहे. इ.स. १५५ च्या सुमारास सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात त्याने रविवारचा क्रम दिला आहे: शास्त्रवाचन, बोध, उभे राहून प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, उपकारस्तुती, वाटप. जे हजर नाहीत त्यांचा वाटा डिकन (मंडळीचे सेवक) घेऊन जातात, असे तो स्पष्ट लिहितो. लगेच पुढे अर्पणाचा उल्लेख येतो, की त्यातून अनाथ, विधवा, आजारी आणि कैदेत असलेले यांना मदत होते. म्हणजे आजाऱ्याला त्याच दिवशी त्याच भाकरीचा वाटा मिळे. त्याच्यासाठी वेगळा, सोयीचा विधी नव्हता, आणि प्रभुभोजनासोबत (भाकर-द्राक्षारसाच्या या विधीसोबत) औषधपाण्याचीही तजवीज होई.

पुढे छळाच्या दिवसांत विश्वासी ही भाकर घरी ठेवून स्वतःच घेत असत. चौथ्या शतकात बासिल या बिशपने एका पत्रात ही चाल योग्य ठरवली. मध्ययुगात मात्र ती धर्मगुरूंच्या हातात गेली, आणि धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये वादाचा विषय झाली. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात चर्चमधल्या विधीतून आजाऱ्यासाठी वाटा राखून ठेवायला परवानगी होती. १५५२ मध्ये ती काढली गेली, आणि आजाऱ्याच्या घरीच, आणखी काही जण सोबत बसवून विधी करावा, असे ठरले. एकट्याचे प्रभुभोजन नको, हा त्यामागचा आग्रह. मग साथ आली तर? त्याचीही सोय होती: प्लेगसारख्या दिवसांत संसर्गाच्या भीतीने शेजारीपाजारी यायला धजत नसतील, तर रोग्याच्या खास विनंतीवरून पाळकाने एकट्याने त्याच्यासोबत बसावे. ही सूचना १६६२ च्या आवृत्तीतही राहिली. त्याच पुस्तकात असेही सांगितले आहे की आजाराच्या तीव्रतेमुळे किंवा दुसऱ्या रास्त अडचणीमुळे ज्याला प्रभुभोजन घेता येत नाही, त्याने पश्चात्ताप करून विश्वासाने ख्रिस्ताचे स्मरण केले तर तोंडात काही न घेताही तो प्रभूचे शरीर व रक्त ग्रहण करतो. आयसीयूत नळी घातलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. फार जणांना ती माहीत नसते आणि नंतर मनात सल राहतो.

पाळकच नसेल तर काय होते, हे जपानने दाखवले. १६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. उरलेल्या विश्वासूंनी घराघरांत कामे वाटून घेतली: एकाने सणवारांची पंचांगवही सांभाळायची, एकाने बाप्तिस्मा द्यायचा, एकाने निरोप आणि शिकवण पोहोचवायची. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीजवळच्या उराकामीचे काही शेतकरी नव्या फ्रेंच चर्चमध्ये आले आणि त्यांनी तिथल्या पाद्र्यांना आपली ओळख दिली, तेव्हा त्यांचे नाताळ आणि ईस्टरपूर्वीचे उपवासकाळ पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेलेले आढळले. घरात अडकलेल्यांसाठी पंचांग केवढे मोलाचे असते ते यावरून कळते. महिनोन्‌महिने एकाच खोलीत असलेल्याला सगळे दिवस सारखेच वाटू लागतात. झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा), उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), आगमनकाळाचे म्हणजे नाताळापूर्वीचे चार रविवार भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले की आठवड्याला पुन्हा आकार येतो.

इंदूरला आलेली परंपरा प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडिलांच्या सभेने चालणारी प्रोटेस्टंट, होती. तिचे मूळ स्कॉटलंडमध्ये आणि त्या चर्चने कौटुंबिक उपासनेला नियमाचे बळ दिले होते. १६४७ मध्ये तिथल्या महासभेने घरच्या उपासनेची मार्गदर्शिका मंजूर केली: सकाळ-संध्याकाळ प्रार्थना व स्तुती, शास्त्रवाचन, आणि वाचलेल्यावर घरात बोलणे. कुटुंबप्रमुख हे वारंवार टाळत असेल तर आधी समज द्यायची, तरी सुधारला नाही तर त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे. मंडळीच्या वडिलांनी (निवडलेल्या ज्येष्ठ सभासदांनी) घरोघरी जाऊन विचारपूस करायची पद्धतही याच परंपरेतली. तिचा धाक आज कुणाला मानवणार नाही. वडिलांमध्ये घरे वाटून देण्याची पद्धत मात्र आजही तितकीच उपयोगी आहे.

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूरात काम सुरू केले. दहा वर्षांनी कॉलेज निघाले, तेच इंदूर ख्रिश्चन कॉलेज. १८९१ मध्ये स्त्रियांचे हॉस्पिटल आले. पहिल्या वर्षांत होळकर दरबाराची मर्जी नव्हती, उघड्यावरच्या प्रवचनाला अडथळे होते, त्यामुळे घरांना महत्त्व आले. पडद्यातल्या स्त्रियांना चर्चला, शाळेला, दवाखान्यालाही जाता येत नसे. म्हणून बायकाच बायकांकडे जात. मिशनच्या शिक्षिका, डॉक्टर आणि सोबत ‘बायबल बाई’ वाचायला शिकवायची, शिवणकाम दाखवायची, तापाचे औषध द्यायची आणि शास्त्रातला एक भाग वाचायची. या स्त्रियांची नावे अहवालांत फारशी येत नाहीत, पण घरात अडकलेल्या माणसाची सेवा कशी करावी याची सगळी जाण त्यांच्याकडे होती: ठरलेल्या वारी जायचे, थोडा वेळ बसायचे, आधी त्या घराची गरज पाहायची आणि पुढच्या खेपेला मागचा धागा उचलायचा. आजच्या भेटसेवेला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

याच सुमारास मराठी ख्रिस्ती घरांना गाणी मिळाली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांनी अभंग आणि भजने अशा वळणाची लिहिली की ती पुस्तकाशिवाय, पेटी-टाळांवर, जात्यापाशीही म्हणता यावीत. त्याआधी इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते जास्त होती. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला मुलाचे नाव आठवत नाही, पण लहानपणी पाठ झालेल्या भजनाचे पहिले कडवे सुरू केले की ओठ हलू लागतात, कधी दुसरे कडवे ती आपणच पुढे नेते. शास्त्रवाचनाचेही तसेच. तिला पाठ असलेली जुनी मराठी आवृत्तीच वाचावी. नव्या भाषांतरात अर्थ सोपा होतो, पण तिची लय चुकते आणि ती सोबत म्हणू शकत नाही.

आवाज घरात नेणारे यंत्र पुढे आले. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या एका चर्चमधून रेडिओवर पहिली उपासना प्रसारित झाली, आणि बीबीसीने १९२८ पासून रोजची प्रार्थना सुरू केली. रुग्णांना त्याचा मोठा आधार झाला. पण रेडिओ ऐकणाऱ्याचे नाव जाणत नाही. २०२० मध्ये हेच नव्या रूपात आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी, ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १२ एप्रिलला ईस्टर. इंदूर तेव्हा देशातल्या सर्वाधिक बाधित शहरांपैकी एक होते. पाळकसाहेब बैठकीच्या खोलीतून मोबाइलसमोर बोलत, आणि घरोघरी लोकांनी आपापली भाकर व पेला समोर ठेवावा की नाही यावर मंडळ्यांमंडळ्यांत मतभेद झाले. केंद्राने ८ जूनपासून प्रार्थनास्थळे उघडायला मुभा दिली, तरी ज्येष्ठांनी घरीच राहावे असा सल्ला होता. त्यातले बरेच जण नंतर परतलेच नाहीत.

तंत्राच्या बाजूने काय बिघडते ते आता नीट कळले आहे. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाणे जमत नाही. आवाज पोहोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जरी लागला तरी ताल फाटतो. म्हणून एकानेच गावे, बाकीच्यांचे माइक बंद. मोफत झूम बैठक ४० मिनिटांनी तुटते आणि नेमकी शेवटच्या प्रार्थनेत. ज्येष्ठांसाठी साधा फोनच बरा. बहुतेक मोबाइलवर एका वेळी पाच जण जोडता येतात. ठरलेला वार, ठरलेली वेळ, वीस मिनिटे, एक स्तोत्र, दोन प्रार्थना. सर्वात कमी ऐकू येणाऱ्याला शेवटी जोडावे, म्हणजे बाकीचे जोडले जाईपर्यंत त्याला नुसते धरून बसावे लागत नाही.

प्रत्यक्ष भेट मात्र टळू नये. दोघांनी जावे, त्यात एक शक्यतो मराठी बोलणारा. आदल्या दिवशी घरी फोन करावा. जेवणाची, आंघोळीची, फिजिओथेरपीची वेळ टाळावी, मेमधली दुपार तर नकोच. ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला बसावे आणि उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे बसावे. अर्धा तास पुरे. मंडळीची बातमी आधी सांगावी: कुणाचे लग्न ठरले, कोण गेले, छताचे काम कुठवर आले. स्तोत्र २३ किंवा १२१ कागदावर २४ पॉइंट अक्षरांत छापून न्यावे आणि तिथेच ठेवून यावे.

प्रभुभोजन रविवारच्याच विधीतून त्याच दिवशी न्यावे. अधिकार कुणाला, हे आपापल्या चर्चच्या नियमाप्रमाणे. गिळायला त्रास असेल तर भाकरीचा वाटाण्याएवढा तुकडा रसात भिजवून द्यावा, आधी घरच्यांना विचारून. पलंगाचे डोके उंच करावे आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे, आडवे केल्यास ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मधुमेह असेल तर रसाचा एक छोटा चमचा पुरेसा आहे. रस घरी करायचा तर पाव किलो काळ्या मनुका धुऊन पाऊण लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, वीस मिनिटे मंद आचेवर उकळून, कुस्करून फडक्यातून गाळाव्यात. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. इंदूरच्या उन्हाळ्यात बाहेर राहिला तर एका दिवसात फसफसतो, म्हणून नेताना बर्फाच्या डब्यात न्यावा.

आणि येताना काय आणायचे? पहिल्या शतकातल्या मंडळीत साठीच्या पुढच्या विधवांची यादी असे, आणि रात्रंदिवस प्रार्थना करणारी विधवा कशी असते त्याचे वर्णन त्याच अध्यायात आहे (१ तीमथ्य ५). त्याच धर्तीवर घरात असलेल्या आजींना, काकांना दर शनिवारी चार-पाच नावे द्यावीत: परीक्षेला बसलेला मुलगा, बाळंतीण, नोकरी गेलेला बाप. ज्यांची नावे आहेत त्यांना आधी विचारावे. आजाराचे तपशील विचारल्याशिवाय कागदावर लिहू नयेत. पुढच्या भेटीत त्या प्रत्येक नावाचे काय झाले ते सांगावे आणि आजींनी कुणासाठी निरोप दिला तो त्या घरी पोहोचवावा. बहुतेक ठिकाणी ही यादी दोन-तीन महिन्यांत बंद पडते ती इथेच: नावे जात राहतात, बातमी परत येत नाही. म्हणून भेटीच्या वहीत प्रत्येक नावासमोर ‘कळवले’ असा एक रकाना आखून ठेवावा.