पाटी नवी, जागा जुनी

२०२१ साली ॲस्टन मार्टिनची हिरवी गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरली, तेव्हा साठ वर्षांनी कंपनी परतल्याचं कौतुक झालं. १९५९ आणि १९६० मध्ये याच नावाच्या गाड्या धावल्या होत्या हे खरं. त्यांना एकही गुण मिळाला नव्हता, हेही खरं. पण २०२१ ची गाडी बांधणारी माणसं वर्षभरापूर्वी रेसिंग पॉइंटची गुलाबी गाडी बांधत होती. त्याआधी त्याच टीमचं नाव होतं फोर्स इंडिया, त्याआधी स्पायकर, त्याआधी मिडलँड आणि अगदी सुरुवातीला, १९९१ मध्ये, जॉर्डन. कारखाना मात्र सिल्व्हरस्टोन सर्किटच्या दारातच राहिला. मायकेल शूमाकरची पहिली फॉर्म्युला वन शर्यत (बेल्जियममधलं स्पा सर्किट, १९९१) जॉर्डनच्या गाडीतली. २००९ मध्ये त्याच स्पाला ड्रायव्हर फिसिकेलाने फोर्स इंडियाची गाडी पोल पोझिशनवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत सर्वांत पुढे, उभी केली आणि शर्यतीत दुसरा आला.

या खेळात कोरी टीम उभारणं महाग, चालती टीम विकत घेणं त्या मानाने सोपं. २००० च्या सुमारास नवख्या टीमला ४.८ कोटी डॉलर अनामत ठेवावी लागे. कारखाना, गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासणारा वाऱ्याचा बोगदा, अनुभवी इंजिनिअर हे सगळं त्याशिवाय. म्हणून मोठ्या कंपन्या बहुधा दुसऱ्याच्या घरावर आपली पाटी लावतात. माजी विजेता ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टची टीम आधी जॅग्वार झाली, मग रेड बुल. झाउबर या स्विस टीमने तर २०१९ ते २०२३ पाटीसुद्धा जणू भाड्याने दिली: नाव अल्फा रोमिओ, इंजिन फेरारीचं, गाडी मात्र स्वित्झर्लंडमधल्या हिनविलला बांधलेली. १९५० पासून एकही हंगाम न चुकवता त्याच नावाने खेळणारी टीम एकच, फेरारी.

सर्वांत मजेदार वंशावळ मर्सिडीजची. ड्रायव्हर फांजिओला १९५४ आणि १९५५ ची विजेतेपदं देणाऱ्या मर्सिडीजने फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीतल्या भीषण अपघातानंतर १९५५ च्या अखेरीस शर्यती सोडल्या आणि स्वतःची टीम घेऊन ती थेट २०१० मध्ये आली. स्पर्धेतली जी जागा तिने घेतली, ती मुळात केन टिरेल नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याची. इंग्लंडमधल्या सरी परगण्यात, ऑकहॅमच्या लाकडाच्या वखारीतल्या एका शेडमध्ये त्याच्या गाड्या तयार होत. १९७० मध्ये पहिली गाडी धावली आणि १९७१ मध्ये ड्रायव्हरांमध्ये स्टुअर्ट विजेता, गाडी बांधणाऱ्या टीममध्ये टिरेल विजेते निर्माते!

याच टीमने सहा चाकांची पी३४ काढली. पुढे दहा इंची चार छोटी चाकं, मागे नेहमीची दोन मोठी. कल्पना टीमचे डिझायनर डेरेक गार्डनर यांची: पुढची चाकं नाकाच्या आडोशाला लपवली, की हवेचा अडथळा कमी. १९७६ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये (फॉर्म्युला वनच्या हंगामातल्या प्रत्येक शर्यतीला ग्रां प्री म्हणतात) टिरेलचा शेक्टर पहिला, देपाये दुसरा आला. सहाचाकीने जिंकलेली ही एकमेव ग्रां प्री. पण मागची रुंद चाकं हवा अडवतच होती आणि त्या चिमुकल्या टायरांचा विकास मागे पडला. एकाच गाडीसाठी वेगळा टायर घडवत बसणं टायर कंपनीला परवडणारं नव्हतं. नंतर तर गाडीला एकूण चारच चाकं असावीत असा नियमच झाला.

१९८३ च्या डेट्रॉइटच्या शर्यतीनंतर टिरेल पुन्हा जिंकली नाही. १९९७ च्या अखेरीस ती एका तंबाखू कंपनीच्या पैशावर विकली गेली आणि १९९९ पासून बीएआर (ब्रिटिश अमेरिकन रेसिंग) म्हणून धावू लागली. इथे वंशावळ थोडी ताणलेली आहे, कबूल. ऑकहॅमची शेड मागेच राहिली, इंग्लंडमधल्याच ब्रॅकलीला नवा कारखाना उभा राहिला. पुढे गेली ती फक्त स्पर्धेतली जागा. मग होंडाने ती टीम घेतली आणि मंदीत, डिसेंबर २००८ मध्ये, एकाएकी सोडून दिली. टीमचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी ती एका पौंडात घेतली, होंडासाठी आखलेल्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन बसवलं आणि २००९ मधल्या १७ पैकी ८ शर्यतींसह ड्रायव्हरचं आणि निर्मात्यांचं अशी दोन्ही विजेतेपदं पटकावली. ब्रॉन जीपी हे नाव तेवढा एकच हंगाम टिकलं. वर्ष संपायच्या आत मर्सिडीजने टीम विकत घेतली, आणि २०१४ पासून निर्मात्यांची सलग आठ विजेतेपदं ब्रॅकलीला आली.

केन टिरेल २००१ मध्ये वारले. आपल्या जागेवर आलेल्यांपैकी त्यांनी पाहिली ती फक्त बीएआर, आणि पहिल्या हंगामात तिचे गुण होते शून्य.