सुश्रुत-पुतळा

शल्यतंत्राचे (शस्त्रक्रियाशास्त्राचे) आद्य आचार्य सुश्रुत यांची वैद्यकीय संस्थांच्या आवारात उभारली जाणारी प्रतिमा. त्यांचे समकालीन चित्र वा शिल्प उपलब्ध नसल्याने जटा, दाढी, उत्तरीय ही सारी शिल्पकारांची कल्पना होय. काळाबद्दलही मतभेद आहेत. प्राच्यविद्यापंडित हर्नले यांनी इ. स. पू. सुमारे ६०० हा काळ सुचविला. त्यांच्या नावावरील ‘सुश्रुतसंहिता’ या ग्रंथातील वेगवेगळ्या काळांचे थर पाहता तिचे आजचे रूप बरेच नंतरचे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. चौथऱ्यावर नेमके वर्ष कोरू नये.

संहितेत १०१ यंत्रे (बोथट उपकरणे) व २० शस्त्रे (धारदार उपकरणे) सांगितली आहेत. त्यामुळे पुतळ्याच्या हाती आजचे स्काल्पेल देणे चुकीचे. कंकमुख हे स्वस्तिकयंत्र, म्हणजे पक्ष्याच्या चोचीसारख्या तोंडाचा, फुलीच्या आकाराचा चिमटा, शोभते. त्याची लांबी १८ अंगुळे (बोटांच्या रुंदीइतकी मापे) असते आणि दोन्ही पाती मसुरीच्या दाण्यासारख्या माथ्याच्या खिळ्याने जोडलेली असतात.

चौथऱ्यावरील उठावचित्रात बहुधा नासासंधान (कापलेले नाक पुन्हा घडविण्याची शस्त्रक्रिया) दाखवितात व त्यात कपाळाची त्वचा वळविलेली असते. संहिता मात्र गालाची त्वचा सांगते : नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, तेवढी त्वचा गालावरून एका बाजूस जोडलेली ठेवून कापावी, खरवडलेल्या नासाग्रावर बसवावी, आत दोन नळ्या घालाव्यात, वर पतंग (एका झाडाचे तांबडे लाकूड), ज्येष्ठमध व रसांजन (दारुहळदीचा घट्ट केलेला काढा) यांचे चूर्ण टाकावे. कपाळाच्या त्वचेची पद्धत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मधील १७९४ च्या वृत्तान्तामुळे गाजली. तो पुण्याकडील कावसजी या गाडीवानाचा होता. दोहोंची गल्लत सर्रास होते.

सार्वजनिक रस्त्यांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश असल्याने संस्थेचे आवारच सोयीचे.

ओतकामासाठी ८५ टक्के तांबे व प्रत्येकी ५ टक्के कथील, जस्त, शिसे हे काशाचे मिश्रण चालते. उदाहरणार्थ, नागपुरात हिवाळ्यातील पहाट १० अंशांची, तर मे महिन्याच्या उन्हात धातू सहज ६० अंशांना पोहोचतो. एवढ्या फरकाने २ मीटर उंचीचा पुतळा सुमारे १.८ मिमी वाढतो. आतला साधा लोखंडी सांगाडा १.२ मिमीच वाढतो, शिवाय गंजून फुगतो; मग सांधे उकलतात. स्टेनलेस स्टीलचे प्रसरण काशाच्या जवळपास असते. पायाशी पाणी निथळण्याचे भोक हवेच. ते चौथरा बांधताना सिमेंटने बुजते व पावसाळ्यानंतर तळाशी हिरवे डाग उतरू लागतात. ते काढण्यासाठी चिंचेने घासल्यास धातूवरील संरक्षक थर जातो. मऊ ब्रश, सौम्य साबणपाणी आणि वाळल्यावर मेणाचा पातळ हात एवढेच करावे.