गोळीत फक्त टी-४, मग टी-३ येतं कुठून?

नाशिकला गंगापूर रोडच्या लॅबमधून थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन आलेल्या माझ्या पंचवटीतल्या मावशीने विचारलं, "तपासतात टी-३, टी-४ आणि टीएसएच. गोळी मात्र एकट्या टी-४ची. टी-३ कोण देणार?" टी-३ आणि टी-४ ही गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची हार्मोन्स, तर टीएसएच हे त्या ग्रंथीला कामाला लावणारं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन. थायरॉइड कमी पडला की टी-४ची गोळी देतात. तेव्हा प्रश्न अगदी रास्त. त्याचं उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला कित्येक दशकं लागली.

१८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क थायरॉइड कमी पडलेल्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती त्यानंतर २८ वर्षं जगली. अर्कात नेमकं काय होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, शुद्ध स्वरूपात वेगळं केलं आणि सगळ्यांना वाटलं, हेच ते हार्मोन. १९५२ मध्ये लंडनला जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना टी-३ सापडलं. त्यात आयोडीनचा एक अणू कमी, पण जोर कितीतरी जास्त.

खरा उलगडा १९७० चा. ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी ज्यांची ग्रंथी कामच करत नव्हती अशा, फक्त टी-४ घेणाऱ्या रुग्णांचं रक्त तपासलं. त्यात टी-३ होतं! ग्रंथीशिवाय ते बनलं कसं? यकृत, मूत्रपिंड, स्नायू, मेंदू यांतली डिआयोडिनेज नावाची एन्झाइम्स टी-४ मधला एक आयोडीन काढतात. आपल्या शरीरातलं सुमारे ८० टक्के टी-३ असंच तयार होतं. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे की, आयोडीन दुसऱ्या बाजूचा निघाला तर 'रिव्हर्स टी-३' बनतं आणि ते जवळपास निष्क्रिय असतं. मोठं आजारपण किंवा दीर्घ उपासमार आली की शरीर टी-३ कमी बनवतं, रिव्हर्स टी-३ वाढतं. म्हणून दवाखान्यात ॲडमिट असताना टी-३ कमी आलं, तर तेवढ्यावरून थायरॉइड बिघडला असं डॉक्टर म्हणत नाहीत.

उरलेल्या हार्मोनचा काही भाग यकृतातून पित्तावाटे बाहेर पडतो. टी-३ दिवसभरात निम्मं होतं, टी-४ला मात्र आठवडा लागतो. डोस बदलल्यावर टीएसएच सहा-आठ आठवड्यांनी करायला सांगतात ते त्यामुळेच. पंधराव्या दिवशी लॅब गाठली, तर नव्या डोसचा खरा आकडा अजून आलेलाच नसतो.