मिडेनबेमस्टर : सरोवराच्या तळावर वसलेलं गाव
नेदरलँड्सच्या कृषी अभ्यास दौऱ्यावर येणाऱ्या मंडळींसाठी

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत मिडेनबेमस्टरसाठी पूर्ण दिवस राखलेला पाहून अनेक जण विचारतात, की एवढ्याशा गावात दिवसभर करायचं काय? म्हणून निघण्यापूर्वी हे जरूर वाचा.

ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर बेमस्टर नावाचा पोल्डर आहे. पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून मोकळी केलेली जमीन. इथे पूर्वी दलदलीचा, पीटच्या मातीचा प्रदेश होता. पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, जी वाळवून जळणाला वापरतात. माणसांनी पीट खणून नेलं, वादळांनी काठ खाल्ले आणि मध्ययुगात तिथे मोठं सरोवर तयार झालं. आसपासच्या गावांची जमीन ते गिळू लागलं.

१६०७ साली हे सरोवर कोरडं करण्यासाठी ॲमस्टरडॅमच्या धनिक व्यापाऱ्यांनी भांडवल घातलं. शेजारच्या द राइप गावचा यान आद्रियान्सझोन लेघवाटर पवनचक्क्यांच्या कामात जाणकार होता. तो या कामात उतरला. सरोवराभोवती बांध घातला आणि बांधाबाहेर कालवा खणला. एक चक्की पाणी फार उंच चढवू शकत नाही, म्हणून चक्क्या टप्प्याटप्प्याने लावल्या. खालचीने उचललेलं पाणी वरची पुढे उचलायची आणि शेवटची ते कालव्यात सोडायची. आपल्याकडच्या टप्प्यांच्या उपसा सिंचन योजनेसारखंच हे काम, फक्त इथे पाणी शेताबाहेर काढायचं होतं. १६१० च्या वादळात बांध फुटले आणि जवळजवळ कोरडा झालेला भाग पुन्हा भरला. तरी लोकांनी काम सोडलं नाही. चाळीसहून अधिक चक्क्यांच्या बळावर १६१२ मध्ये सुमारे ७,१०० हेक्टर, म्हणजे साडेसतरा हजार एकर जमीन उघडी पडली.

मग जमिनीची आखणी झाली आणि ती आजही तशीच आहे. साधारण १८० मीटर रुंद आणि ९०० मीटर लांब असे पट्टे, म्हणजे एकेक पट्टा चाळीसेक एकरांचा. पाच पट्ट्यांचा एक चौरस. सरळ रस्ते, सरळ चर. या आखणीमुळेच १९९९ साली युनेस्कोने बेमस्टरला जागतिक वारसा ठरवलं. मिडेनबेमस्टर वसलं आहे मधल्या दोन मुख्य रस्त्यांच्या चौकात. चर्चचा मनोरा लांबूनच दिसतो. २०२२ पासून गावाचा कारभार शेजारच्या पुर्मेरेंड नगरपालिकेत गेला आहे.

गावात सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो शेतघरांना. चौकोनी घर, वर पिरॅमिडसारखं उंच छप्पर. मधोमध चारा रचायचा आणि भोवतीने त्याच छपराखाली माणसं आणि गाई राहायच्या. ‘द एनहोर्न’ हे १६८२ चं घर आवर्जून पाहा. मात्र ही राहती घरं आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय अंगणात शिरू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो : पाणी उपसणाऱ्या त्या जुन्या चक्क्या इथे आता नाहीत. त्यांची जागा आधी वाफेच्या आणि नंतर आधुनिक पंपांनी घेतली. पंप थांबले तर पाणी पुन्हा साचेल, कारण जमीन समुद्रसपाटीच्या सरासरी साडेतीन मीटर खाली आहे. या पाण्याचा हिशेब ठेवणारं निवडून दिलेलं जलमंडळ असतं आणि त्यासाठी रहिवासी आणि जमीनमालक वेगळा कर भरतात. आमच्या मते, आपल्या पाणीवापर संस्थांच्या सभासदांनी समजून घ्यावी ती हीच व्यवस्था. तिथल्या शेतकऱ्यांना कराचा दर, चरांची सफाई आणि पाण्याची पातळी कोण ठरवतं, हे मोकळेपणाने विचारा.

चिकणमाती सुपीक आहे, पण आज बरीचशी जमीन कुरणाखाली आहे आणि बेमस्टरचं चीज प्रसिद्ध आहे. वेस्टबेमस्टरमध्ये १९०१ पासूनची दूध उत्पादकांची सहकारी संस्था ते बनवते.

बांधावर वारा जोराचा असतो. उन्हाळ्यातही जाड जॅकेट आणि चिखलात चालतील असे बूट घ्या. सायकल येत असेल तर आम्हाला आधी कळवा. रस्ते सपाट असल्यामुळे पोल्डर सायकलवरून पाहणं सगळ्यात सोयीचं.