हाय पॉवर डायोड लेझर

सेमीकंडक्टर चिपमध्ये करंट सोडला की तिच्यातून थेट लेझर प्रकाश निघतो, तो डायोड लेझर. पॉइंटरमधला असतो काही मिलिवॉटचा, पण हाय पॉवर प्रकारात एकेक चिप कित्येक वॉट देते, आणि अशा पुष्कळ चिप एकत्र केल्या की किलोवॉटपर्यंत जाता येतं.

पहिला डायोड लेझर १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट हॉल यांच्या टीमने चालवला, पण तो लिक्विड नायट्रोजनच्या थंडीत आणि फक्त पल्समध्ये चालायचा. खरी उडी १९७० ची, तेव्हा लेनिनग्राडला सोव्हिएत शास्त्रज्ञ अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्सने रूम टेंपरेचरला सलग चालणारे लेझर केले. युक्ती अशी की पातळ थराच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या मटेरियलचे थर द्यायचे, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाश दोन्ही मधेच अडकून राहतात. या हेटरोस्ट्रक्चरच्या कामासाठी अल्फेरोव्ह आणि जर्मन-अमेरिकन शास्त्रज्ञ क्रोमर यांना २००० चं नोबेल मिळालं, आणि ते अगदी योग्यच होतं.

आता पॉवरचं बोलायचं तर सगळा खेळ उष्णतेचा आहे. चांगला डायोड दिलेल्या विजेतली ६० टक्क्यांच्या वर वीज प्रकाशात बदलतो, लेझरच्या दुनियेत हे फार मोठं आहे, जुन्या, लॅम्पच्या प्रकाशावर चालणाऱ्या याग (YAG) क्रिस्टलच्या लेझरला जेमतेम काही टक्के जमायचे. पण उरलेली वीज उष्णता होते आणि ती एक सेंटिमीटर रुंदीच्या बारमधून (एकाच पट्टीवर शेजारी शेजारी असलेले बरेच डायोड) काढायची असते, जो एकटा १०० वॉटच्या वर प्रकाश देतो. म्हणून तांब्याचे हीट सिंक, त्यात बारीक चॅनेल, त्यातून फिरणारं पाणी. तापमान एक डिग्री वाढलं की वेव्हलेंग्थ, म्हणजे प्रकाशाचा नेमका रंग, साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते, शिवाय चिपचं तोंड, म्हणजे जिथून प्रकाश बाहेर पडतो तो फॅसेट, तापला की तिथे प्रकाश जास्त शोषला जातो, त्याने तो अजून तापतो आणि क्षणात वितळून चिप कायमची जाते. फॅसेटवर चांगलं पॅसिव्हेशन, म्हणजे तिथलं शोषण कमी करणारी पृष्ठभागाची प्रक्रिया, करायला जमलं तिथून पॉवर खऱ्या अर्थाने वाढत गेली, मला तरी हीच सगळ्यात महत्त्वाची प्रगती वाटते.

दुसरी अडचण बीमची. प्रकाश ज्या फटीतून निघतो ती उभी साधारण एक मायक्रॉन आणि आडवी शंभर मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे तो उभ्या दिशेला झपाट्याने पसरतो आणि दंडगोल लेन्स लावून सरळ करावा लागतो. बारीक फोकस होत नाही म्हणून बरीच वर्षं डायोडने दुसऱ्या लेझरला पंप करायचं, म्हणजे प्रकाशाच्या रूपात ऊर्जा पुरवायचं काम केलं, निओडिमियमच्या याग क्रिस्टलसाठी ८०८ नॅनोमीटर, इटर्बियमच्या फायबर लेझरसाठी (काचेच्या तंतूत लेझर प्रकाश तयार करणारा) ९१५ किंवा ९७६. कारखान्यात पत्रा कापणाऱ्या फायबर लेझरची ताकद मुळात या डायोडचीच असते, फक्त त्यांचं नाव कोणी घेत नाही.

थेट वापरही बराच आहे. स्टीलचा पृष्ठभाग कडक करणं, झिजलेल्या भागावर पावडर वितळवून नवा थर चढवणं, प्लास्टिक जोडणं (वरचा तुकडा प्रकाश जाऊ देणारा, खालच्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे उष्णता बरोबर सांध्यावरच तयार होते). इथे बारीक टिपका नकोच असतो, पसरट बीमच बरा पडतो. अलीकडे ४५० नॅनोमीटरचे निळे गॅलियम नायट्राइड डायोड आलेत, आणि तांबं इन्फ्रारेड बहुतेक परत फेकतं पण निळा प्रकाश निम्म्याहून जास्त शोषून घेतं, म्हणून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी आणि मोटरमधले तांब्याचे जोड शिंतोडे न उडता वेल्ड करायला ते आता वापरले जातात.