चार्ज लिमिट रीबूटनंतर का उडते: थोडी पार्श्वभूमी

बॅटरी 80 टक्क्यांवर थांबायची सेटिंग केली, दोन दिवस मस्त चाललं, मशीन रीबूट केलं आणि बॅटरी परत 100 वर. लिनक्सवर हे इतक्या जणांना झालंय की लोक याला सरळ बगच म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मुळात चार्जिंग थांबवायचं काम लिनक्स करतच नाही, ते करतो मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर (बॅटरी, कीबोर्ड वगैरे सांभाळणारी छोटी चिप), लिनक्स फक्त त्याला आकडा कळवतो. मग तो आकडा लक्षात कोणी ठेवायचा, सगळं घोडं तिथेच अडलंय.

लिथियम-आयन सेल सतत फुल चार्ज आणि वर गरम राहिला की लवकर खराब होतो हे जुनं ज्ञान आहे, थिंकपॅड लॅपटॉपमध्ये लिमिटची सोय कधीपासूनच होती. पण लिनक्ससाठी कागदपत्रं नव्हती, म्हणून लोकांनीच रिव्हर्स इंजिनिअरिंग करून टीपी-एसएमएपीआय नावाचं मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडायचा तुकडा) बनवलं, तेही मेन कर्नलच्या बाहेरचं. पुढच्या मॉडेल्सवर ते चालेना, मग एसीपीआय-कॉल (फर्मवेअरला थेट हुकूम देणारं मॉड्यूल) वापरून जुगाड सुरू झाले, आणि टीएलपी या बॅटरी वाचवणाऱ्या टूलने हे सगळं एका कॉन्फिग फाइलमागे झाकलं, त्याचे उपकार मोठे आहेत. शेवटी 2018 मध्ये कर्नल 4.17 मध्ये थिंकपॅडच्या ड्रायव्हरलाच ही सोय मिळाली, आणि 2019 मध्ये 5.4 मध्ये आसुसच्या लॅपटॉपनाही.

आता खरा घोळ. थिंकपॅडचा कंट्रोलर आकडा सहसा स्वतःच जपून ठेवतो, त्यामुळे ते लोक म्हणतात आमच्याकडे तर काहीच प्रॉब्लेम नाही. आसुसचं तसं नाही, त्याच्या ड्रायव्हरच्या कोडमध्येच कमेंट आहे की लिमिट फक्त मशीन पूर्ण बंद करून चालू केल्यावर रीसेट होते आणि सध्याची किती आहे ते वाचताही येत नाही, म्हणून ड्रायव्हर सुरुवातीला 100 च लावतो. आणि आपण जिथे 80 लिहितो ते सिसएफएस म्हणजे डिस्कवरची फाइल नव्हेच, कर्नलने मेमरीत उभं केलेलं चित्र, बंद केलं की गेलं. कर्नलवाल्यांची भूमिका पहिल्यापासून हीच आहे की सेटिंग जपणं हे युजरस्पेसचं, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅम्सचं काम, आणि मला ती बरोबर वाटते, फक्त युजरस्पेसने ते काम अंगावर घ्यायला फार वर्षं लावली.

तोवर ज्याने त्याने आपापला उपाय काढला. आधी आरसी-लोकल या बूटला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ, मग सिस्टमडी (बूटला सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) आल्यावर छोटी सर्व्हिस. पण सर्व्हिस कधीकधी ड्रायव्हर लोड व्हायच्या आधीच धावते, फाइल सापडत नाही आणि लिमिट लागत नाही. यूडेव्हचा (हार्डवेअर दिसलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा) नियम जास्त भरवशाचा, कारण तो बॅटरी दिसल्यावरच चालतो. काही मशीन्सवर स्लीपमधून उठल्यावरही लिमिट जाते, तिथे वेगळं हुक, म्हणजे उठल्यावर आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावावं लागतं.

डेस्कटॉपवाल्यांपैकी केडीई प्लाझ्माने 2020 मध्ये 5.20 मध्ये लिमिटचा पर्याय दिला. ग्नोमला 2025 चं 48 व्हर्जन उजाडलं, तिथे यूपॉवर ही बॅटरीवर नजर ठेवणारी सर्व्हिस ही निवड डिस्कवर लिहून ठेवते आणि बूटला परत लावते, म्हणजे इतकी वर्षं जे हवं होतं तेच. मात्र यूपॉवर आणि टीएलपी दोघांकडे वेगवेगळी लिमिट दिली असेल तर जो शेवटी लिहील त्याचाच आकडा टिकतो, तेव्हा दोघांपैकी एकाकडेच हे काम द्या.